ड्रायव्हरची सीट कुणाच्या मापाची? कमी उंचीचे चालक आणि मोठ्या गाड्या

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. चाळिशीच्या एक ताई डावा गुडघा आणि कंबर दुखते म्हणून दवाखान्यात आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) नवऱ्याच्या आजारपणानंतर त्याची शाळेची मिनीबस त्या स्वतः चालवायला लागल्या होत्या. उंची चार फूट अकरा इंच, म्हणजे १५० सेंटिमीटर. मी नेहमीप्रमाणे तपासलं, एक्स-रे काढला, गोळ्या दिल्या, व्यायाम सांगितले. पंधरा दिवसांनी त्या परत आल्या, महिन्याने पुन्हा आल्या. तिसऱ्या वेळी मी म्हणालो, "ताई, गाडी चालवणं बंद करता येईल का?"

त्या म्हणाल्या, "गाडी बंद केली तर घर कशावर चालायचं? आणि डॉक्टर, गुडघ्यात काही नाहीये हो. पाय पुरत नाही."

त्या दिवशी मी पहिल्यांदा खाली जाऊन त्यांची गाडी पाहिली. सीट होती तितकी पुढे ओढलेली. सीटवर घरातली एक उशी, पाठीमागे दुसरी. क्लच पूर्ण दाबायचा तर त्यांना कंबर डावीकडे सरकवून, पायाच्या चवड्याने पॅडल ढकलावं लागत होतं. शाळेच्या दोन फेऱ्यांत असं किती वेळा होत असेल, ते तुम्हीच मोजा. सीटबेल्ट गळ्याला घासत होता. छाती आणि स्टिअरिंग यांच्यात वीतभरही अंतर नव्हतं.

तीन महिने मी गुडघ्यावर उपचार करत होतो आणि दुखणं सीटमध्ये होतं. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला. ही सीट नेमकी कुणाच्या मापाने बनवली? उत्तर शोधताना जो इतिहास हाती लागला, तो आज तुम्हाला सांगतो. शेवटी काही उपयोगी सूचनाही आहेत.

हँडल मारण्याचे दिवस

मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईने केला, हे अनेकांना ठाऊक नसतं. १८८८ साली बर्था बेंझ यांनी नवऱ्याने बनवलेली मोटार जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर चालवत नेली. सोबत दोन किशोरवयीन मुलगे होते. पण त्यानंतरची कित्येक वर्षं मोटार म्हणजे धिप्पाड पुरुषाचं काम, असाच समज राहिला. त्याला कारणही होतं.

त्या काळी इंजिन सुरू करायला पुढून लोखंडी हँडल घालून जोरात फिरवावं लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की हँडल मनगटावर आदळे आणि मनगटाजवळचं, अंगठ्याच्या बाजूचं हाड मोडे. आम्हा डॉक्टरांच्या पुस्तकात हे फ्रॅक्चर आजही 'शॉफर्स फ्रॅक्चर' म्हणजे 'ड्रायव्हरचं फ्रॅक्चर' या नावाने आहे. मोटारीच्या रचनेतला दोष एका हाडाच्या दुखण्याला नाव देऊन गेला. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर बसला आणि बटण दाबून गाडी सुरू होऊ लागली. ड्रायव्हरच्या दंडातल्या ताकदीची पहिली अट तिथे गळून पडली.

दुसरी अट होती स्टिअरिंगची. जड गाडीची पुढची चाकं उभ्या जागी वळवायला अंगातला सगळा जोर लागे. म्हणूनच ट्रक आणि बसचं चाक परातीएवढं मोठं असायचं. चाक मोठं केलं की जोर कमी लागतो, हे साधं तरफेचं गणित आहे. पण चाक मोठं झालं की हातही लांब लागतात. जोर वाचवायला शोधलेला उपाय आखूड हातांच्या माणसाला अडचणीत टाकणारा ठरला. अमेरिकन अभियंते फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२० च्या दशकातच तेलाच्या दाबावर चालणारं पॉवर स्टिअरिंग करून दाखवलं होतं. बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटारीत मात्र ते १९५१ साली आलं. मधली पंचवीस वर्षं ड्रायव्हर घाम गाळत राहिले.

गरज पडली तेव्हा

कमी उंचीची, हलक्या अंगाची माणसं मोठी गाडी चालवू शकत नाहीत, हा समज युद्धांनी मोडला. पुरुष आघाडीवर गेले, तेव्हा उंचीची चिकित्सा करायला कुणाला वेळ नव्हता.

पहिल्या महायुद्धात मारी क्यूरी यांनी एक्स-रे यंत्रं बसवलेल्या गाड्या फ्रेंच सैनिकांसाठी उभ्या केल्या. लोक त्या गाड्यांना 'छोट्या क्यूरी' म्हणत. गाडी स्वतः नेता यावी म्हणून दोन नोबेल पारितोषिकं मिळवलेल्या या बाईंनी १९१६ साली ड्रायव्हिंग लायसन्सही काढलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराच्या महिला दलात हजारो मुली लॉरी आणि रुग्णवाहिका चालवायला शिकल्या. पुढे राणी झालेल्या एलिझाबेथ याही १९४५ साली त्यांच्यात होत्या.

त्याच युद्धात ब्रिटनच्या 'एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलिअरी' या संस्थेच्या महिला वैमानिक कारखान्यातून विमानतळांवर विमानं पोचवत. त्यांतल्या मेरी एलिस लहानखुऱ्या चणीच्या होत्या. एकदा त्यांनी वेलिंग्टन हे मोठं बॉम्बफेकी विमान एकटीने आणून उतरवलं. तळावरच्या लोकांनी त्यांना विचारलं, वैमानिक कुठे आहे? 'मीच' म्हटल्यावर विश्वास बसेना. दोघे जण आत चढून विमान धुंडाळून आले, तेव्हा कुठे पटलं. हा प्रसंग त्या शंभरीला पोचेपर्यंत मुलाखतींत सांगत असत.

यात डॉक्टर म्हणून मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळी आहे. विमान तेच होतं, ती बाई तीच होती. बदलला होता तो फक्त 'हिला देऊन बघू' हा निर्णय. युद्ध संपल्यावर मात्र बहुतेक ठिकाणी जुने नियम परत आले.

'सरासरी माणूस' नावाची दंतकथा

आता या इतिहासातल्या सगळ्यात सुंदर प्रकरणाकडे येतो.

१९५० च्या सुमारास अमेरिकन हवाई दलात अपघात वाढले होते. विमानं वेगवान झाली होती, पण कॉकपिटची मापं १९२६ साली ठरवलेलीच होती. त्या वेळच्या वैमानिकांची सरासरी काढून त्या मापाची सीट, त्या मापाचं पॅडलपर्यंतचं अंतर, असा तो हिशोब होता. वरिष्ठांना वाटलं, मुलं आता उंच झाली असतील, नवी सरासरी काढू. चार हजारांहून अधिक वैमानिकांची मापं घेतली गेली. मापं घेणाऱ्यांत गिल्बर्ट डॅनियल्स नावाचा तरुण लेफ्टनंट होता.

डॅनियल्सला एक शंका आली. ज्या 'सरासरी' वैमानिकासाठी आपण कॉकपिट बनवतोय, तो प्रत्यक्षात आहे तरी का? त्याने उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापं निवडली. मापांच्या यादीतला मधला तीस टक्के भाग त्याने 'सरासरी' धरला, म्हणजे बराच सढळ हात ठेवला. मग ४,०६३ वैमानिकांपैकी दहाही मापांत सरासरी असणारे किती, ते मोजलं.

एकही नव्हता.

फक्त तीन मापं घेतली, तरी तिन्हींत सरासरी असलेले वैमानिक साडेतीन टक्क्यांहून कमी निघाले. कुणाचे हात लांब तर पाय आखूड, कुणाची छाती रुंद तर कंबर बारीक. सरासरी माणसाच्या मापाने शिवलेला अंगरखा कुणालाच नीट बसत नव्हता. १९५२ साली त्याचा अहवाल आला आणि हवाई दलाने कारखानदारांना सांगितलं की सरासरीच्या मागे लागू नका, लहानापासून मोठ्यापर्यंत सगळ्यांना बसेल अशी सोय करा. कारखानदारांनी आधी कुरकुर केली, खर्चाचं कारण सांगितलं. मग पुढे-मागे सरकणारी सीट, कमी-जास्त होणारी पॅडलं, पट्टे, असे उपाय निघाले आणि ते फारसे महागही पडले नाहीत. आज आपण सीटखालचा दांडा ओढून सीट पुढे घेतो, त्यामागचा विचार तिथे पक्का झाला.

म्हणून 'मी बुटका आहे, मला जमणार नाही' असं कुणी म्हणालं की मी डॅनियल्सची गोष्ट सांगतो. गाडी तुमची उभी उंची विचारत नाही. बसल्यावर डोळे कुठे येतात, मांडी किती लांब, गुडघ्यापासून टाचेपर्यंत किती, हात किती पोचतात, हे ती विचारते. एकाच उंचीच्या दोन माणसांत ही मापं बरीच वेगळी असू शकतात. एकाला डोळ्यांची अडचण येते, दुसऱ्याला पायांची.

मोटारीतला बाहुला

हवाई दलाने घेतलेला धडा मोटार कारखान्यांपर्यंत पोचायला वेळ लागला. हेन्री ड्रेफस या रचनाकाराने १९५५ साली 'जो' आणि 'जोसेफिन' अशी पुरुषाची आणि स्त्रीची मापचित्रं प्रसिद्ध केली, त्यामुळे निदान स्त्रीचं शरीर कागदावर तरी आलं. पण गाडी भिंतीवर आदळून चाचणी करायची, तेव्हा आत बसवायचा बाहुला पुरुषाचाच असे. १९७६ साली आलेला 'हायब्रिड थ्री' हा बाहुला जगभर प्रमाण मानला गेला. उंची सुमारे १७५ सेंटिमीटर, वजन सुमारे ७८ किलो. सीट, बेल्ट, स्टिअरिंग, पुढे एअरबॅग, या सगळ्यांची परीक्षा या एका गृहस्थासमोर झाली.

नंतर याच घराण्यातला छोटा स्त्री-बाहुला आला. शंभर अमेरिकन स्त्रियांना उंचीप्रमाणे ओळीत उभं केलं तर सगळ्यात बुटकीपासून पाचवी जी येईल, तिच्या मापाचा. उंची सुमारे १५० सेंटिमीटर, वजन सुमारे ४९ किलो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. खऱ्या सरासरी स्त्रीच्या बांध्याचा, १६२ सेंटिमीटर उंचीचा बाहुला स्वीडनमध्ये अ‍ॅस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने २०२२ साली जगापुढे आणला. म्हणजे पुरुषाच्या बाहुल्यानंतर सेहेचाळीस वर्षांनी.

एअरबॅगने शिकवलेला धडा

बाहुला चुकीच्या मापाचा असला तर काय बिघडतं? उत्तर अमेरिकेला १९९० च्या दशकात मिळालं आणि ते फार महाग पडलं.

एअरबॅगची कल्पना जुनी. जॉन हेट्रिक यांना तिचं पेटंट १९५३ साली मिळालं. पुढे अमेरिकेत ती सक्तीची होऊ लागली, तेव्हा तिथे बहुतेक लोक सीटबेल्ट लावत नसत. त्यामुळे सरकारी चाचणी अशी ठरली की सरासरी पुरुषाच्या मापाचा, बेल्ट न लावलेला बाहुला ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाने आदळला तरी वाचला पाहिजे. त्या वजनाच्या, मोकळ्या अंगाला अडवायचं तर पिशवी प्रचंड जोराने फुगली पाहिजे. डोळ्याची पापणी लवायच्या आत ती फुगते. पहिल्या पाच ते आठ सेंटिमीटरमध्ये तिचा जोर सगळ्यात जास्त असतो.

आता कमी उंचीची बाई डोळ्यांपुढे आणा. पाय पॅडलपर्यंत पोचावेत म्हणून तिने सीट पुढे घेतली आहे. छाती स्टिअरिंगला जवळपास टेकली आहे. हलक्याशा टकरीत पिशवी उघडते आणि त्या सगळ्यात जोरदार टप्प्यात थेट छातीवर, हनुवटीवर येते. एरवी खरचटण्यावर निभावलं असतं अशा अपघातांत कमी उंचीचे चालक दगावले. पुढच्या सीटवर बसवलेली लहान मुलंही गेली. मृतांपैकी बहुतेकांनी बेल्ट नीट लावलेला नव्हता, हेही खरं आहे. पण मूळ दोष एका मापाची पिशवी सगळ्यांना लावण्यात होता.

सरकारने मग पावलं उचलली. १९९७ साली कमी जोराच्या एअरबॅगना परवानगी मिळाली. ज्यांना पुरेसं अंतर ठेवताच येत नाही, अशांना परवानगी घेऊन एअरबॅग बंद-चालू करणारं बटण बसवण्याची सोय १९९८ पासून झाली. २००० सालच्या नियमाने छोट्या स्त्री-बाहुल्यावरही चाचणी सक्तीची केली. याच काळात तिथल्या मोठ्या गाड्यांत बटणाने पुढे-मागे होणारी पॅडलं आली. आणि एक साधा नियम जगभर गेला: छातीच्या मधल्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत किमान दहा इंच, म्हणजे २५ सेंटिमीटर अंतर हवं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. 'म्हणजे एअरबॅग घातकच' असा अर्थ काढू नका. तिने वाचवलेले जीव तिने घेतलेल्या जिवांहून कितीतरी पटींनी जास्त आहेत. आपल्याकडे जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे आणि ते योग्यच आहे. फक्त ती बेल्टच्या जोडीला आहे, बेल्टऐवजी नाही.

शरीराच्या मापाचा प्रश्न यानंतरही संपला नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, बेल्ट लावलेल्या स्त्री चालकांना गंभीर इजा होण्याची शक्यता तशाच अपघातातल्या बेल्ट लावलेल्या पुरुष चालकांपेक्षा ४७ टक्के जास्त आढळली. कमी उंची, बसण्याची पद्धत आणि पुरुषाच्या मापाने बेतलेली सुरक्षा, ही त्यामागची संभाव्य कारणं अभ्यासकांनी सांगितली.

लंडनची बस आणि आपली एसटी

लंडनची लाल दुमजली रूटमास्टर बस १९५९ पासून नियमितपणे धावू लागली. तिला पॉवर स्टिअरिंग होतं आणि गिअर बदलण्याची कटकटही जवळपास नव्हती. म्हणजे 'बस ओढायला पुरुषाचे दंड लागतात' हे कारण तिथे संपलं होतं. लंडनमध्ये स्त्रिया पहिल्या महायुद्धापासून बसमध्ये तिकिटं फाडत होत्या. तरी लंडन ट्रान्सपोर्टच्या बसचं स्टिअरिंग पहिल्या स्त्रीच्या, जिल व्हायनर यांच्या हाती आलं ते १९७४ साली. गाडी तयार होऊन पंधरा वर्षं झाली होती, नियम तयार नव्हता.

आपली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिल्यांदा धावली. स्त्री चालकांची मोठी भरती निघायला २०१९ उजाडलं. त्या भरतीत पुरुषांसाठी किमान उंची १६० सेंटिमीटर होती आणि स्त्रियांसाठी ती १५३ पर्यंत खाली आणली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात या मुलींचं प्रशिक्षण सुरू झालं. मध्ये करोना आला. अखेर २०२३ साली सासवड ते नीरा या मार्गावर स्त्रीने चालवलेली एसटी प्रवासी घेऊन धावली. ती बातमी वाचताना मला मनापासून आनंद झाला.

आता आकडा पाहू. भारतात १९९६ साली जन्मलेल्या स्त्रियांची सरासरी उंची सुमारे १५३ सेंटिमीटर आहे, पुरुषांची सुमारे १६५. म्हणजे सवलत दिलेली अटसुद्धा आपल्या साधारण निम्म्या स्त्रियांना बाहेर ठेवते. आणि अमेरिकेत जो बाहुला 'अगदी लहान बाई' म्हणून बनवला, तो १५० सेंटिमीटरचा. तिथली शंभरातली पाचवी ती आपल्याकडे जवळजवळ मधली. आपल्या रस्त्यांवर कमी उंचीचा चालक हा अपवाद नाही. तो आपला शेजारी आहे, आपली बहीण आहे, पुष्कळदा आपणच आहोत.

अट असूच नये, असं मी म्हणत नाही. बसमध्ये पन्नास जीव असतात, ब्रेक पूर्ण दाबता आलाच पाहिजे आणि बससमोरून जाणारं पोर दिसलंच पाहिजे. माझा मुद्दा एवढाच की माप योग्य गोष्टीचं घ्यावं. आपल्याच हवाई दलाचं उदाहरण घ्या. वैमानिक निवडताना तिथे १६२.५ सेंटिमीटर उंची बघतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. बसलेली उंची ८१.५ ते ९६ सेंटिमीटर, पायाची लांबी ९९ ते १२०, मांडीची लांबी ६४ च्या आत, अशी मापं स्वतंत्र घेतात. सीटवर बसवून पाय पॅडलच्या तळापर्यंत जातो का आणि पुढचा रस्ता किती जवळून दिसतो, हे बघायला तर डेपोत दहा मिनिटंही पुरतील.

लायसन्ससाठी डॉक्टर जो १-अ नमुन्याचा दाखला देतात, त्यात दृष्टी, ऐकणं, हातापायांचं व्यंग असे प्रश्न आहेत. उंचीचा प्रश्न नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार वाढीच्या किंवा जनुकीय विकारामुळे प्रौढ उंची १४७ सेंटिमीटर किंवा कमी राहिली असेल, तर ते दिव्यांगत्वात धरलं जातं. अशांनाही जुळवून घेतलेल्या गाडीवर लायसन्स मिळू शकतं. हैदराबादच्या सुमारे तीन फूट उंचीच्या एका गृहस्थांनी ते काही वर्षांपूर्वी मिळवून दाखवलं.

मग आज काय करायचं?

इतिहासाने शिकवलेलं सार आता घरगुती भाषेत सांगतो. गाडी उभी असताना, इंजिन बंद ठेवून, याच क्रमाने करा.

१. आधी पाय. कंबर सीटच्या पाठीला पूर्ण टेकवा आणि क्लच व ब्रेक तळापर्यंत दाबा. दाबल्यावरही गुडघ्यात थोडा वाक राहिला पाहिजे आणि कंबर सीटवरून सरकता कामा नये. कंबर डोलत असेल तर पाठदुखी ठरलेली.

२. मग डोळे. सीट वर उचलता येत असेल तर उचला. नजर स्टिअरिंगच्या चाकामधून नाही, चाकावरून गेली पाहिजे. मान उंचावून बघावं लागत असेल, तर संध्याकाळी मान आणि खांदे दुखणारच.

३. उशी लागत असेल तर घरातली मऊ उशी नको. ती दबते आणि ब्रेक मारल्यावर घसरते. घट्ट फोमची, खालून न सरकणारी, सीटला बांधलेली गादी घ्या. सीट फार उंच झाली तर तिची पुढची कड गुडघ्यामागे रुतते, पायाला मुंग्या येतात आणि संध्याकाळी पाय सुजतात. त्यामुळे उंची बेताचीच वाढवा.

४. पाठीमागे जाड उशी टाळा. तिने पाय पोचतात खरे, पण छाती स्टिअरिंगजवळ जाते आणि बेल्ट अंगाला नीट बसत नाही.

५. छाती ते स्टिअरिंग २५ सेंटिमीटर. घरातल्या मोजपट्टीने एकदा मोजाच. पुरत नसेल तर सीटची पाठ थोडी मागे कलती करा. स्टिअरिंग खाली-वर होत असेल तर त्याचा रोख तोंडाकडे नको, छातीकडे हवा. जुन्या बस-ट्रकमध्ये एअरबॅग नसते, तरी हे अंतर हवंच. टकरीत चाकच छातीवर येतं.

६. बेल्टचा खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा. वरचा पट्टा गळ्यावर नको, खांद्याच्या मध्यावर हवा. दरवाज्याजवळची कडी बहुधा खाली-वर होते, ती खाली घ्या. गळ्याला घासतो म्हणून बेल्ट काखेखालून घेऊ नका. अशाने बरगड्या मोडून यकृत आणि प्लीहेला इजा होऊ शकते.

७. आरसे सगळ्यात शेवटी, सीट पक्की झाल्यावर. मोठ्या गाडीच्या नाकासमोर आणि डाव्या दारापाशी न दिसणारा भाग असतोच आणि डोळे खाली असले की तो वाढतो. जादा बहिर्वक्र आरसा किंवा पुढचा कॅमेरा बसवणं ही चैन नाही. गाडी हलवण्याआधी एकदा समोरून फेरी मारून बघा, विशेषतः शाळेच्या गाडीच्या चालकांनी.

८. पॅडलवर लाकडी ठोकळा बांधणं किंवा पायाखाली सुटी फळी टाकणं अजिबात नको. ती सरकून ब्रेकखाली अडकली तर संपलं. पॅडल वाढवायचंच असेल तर जाणकाराकडून, पक्कं, आणि आरटीओच्या परवानगीने. उंच टाचांच्या किंवा मागे पट्टा नसलेल्या चपला घालून मोठी गाडी चालवू नका.

९. गाडीत चढताना-उतरताना उडी मारू नका. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात कायम टेकलेले ठेवा. उंच केबिनमधून उडी मारून गुडघा आणि घोटा दुखावलेले चालक मी दर महिन्याला पाहतो.

आणि एक. मांडीत, पोटरीत, कंबरेत दुखत असेल तर डॉक्टरांना 'मी अमुक गाडी चालवतो, पाय असा पोचतो' हे आपणहून सांगा. आम्ही विचारायला हवं, पण आम्हीही विसरतो.

त्या ताईंचं पुढे काय झालं?

मेकॅनिकने पाहिलं तर क्लच झिजलेला निघाला, म्हणून तो जड झाला होता आणि अगदी तळाशी सुटत होता. तो बदलला. सीटचं काम करणाऱ्या कारागिराने सीटची पुढची कड उतरती करून दिली आणि घट्ट गादी पक्की शिवली. दारापाशी एक जादा आरसा लागला. दोन्ही उशा घरी परत गेल्या. हा सगळा खर्च माझ्या एक्स-रे आणि गोळ्यांच्या बिलापेक्षा जास्त झाला, पण एकदाच झाला.

गुडघा पूर्ण बरा झाला असं म्हणणार नाही. पावसाळ्यात कुरकुर करतो. मात्र गोळ्या थांबल्या आणि गाडी थांबली नाही. मागच्या महिन्यात त्या मुलीचा ताप दाखवायला आल्या होत्या. जाताना सहज म्हणाल्या, "डॉक्टर, आता मोठी बस शिकतेय. एसटीचा फॉर्म निघाला की उंची मोजायला तुमच्याकडेच येईन."

मी म्हटलं, "या. पण उंचीबरोबर पायही मोजू, आणि बसल्यावर डोळे कुठे येतात तेही."